म्हणून तर

मी उजव्या खुर्चीत बसायचो तेव्हा
मला वाटायचं, ही बाई जुनाट आहे.
पुंता आरेनासहून उत्तरेला निघालो की
कॅप्टन नेलिदा नाउएल्किन
दहा हजार फुटांपर्यंत ऑटोपायलट लावायचीच नाही.
खाली सामुद्रधुनीचा वारा पिसाळलेला,
विमान हिसके खातंय,
आणि ही आपली तीन बोटांनी,
कुणाची नाडी बघावी तसं, धरून बसलेली.
"यंत्र हे आपल्यापेक्षा छान करतं," मी एकदा म्हणालो.
"हो ना," ती म्हणाली, "म्हणून तर."

म्हणून तर काय, ते सांगितलं नाही.
सँडविचच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तिचा बाप चिलोए बेटावरचा.
हंगाम आला की बोटीनं दक्षिणेला जायचा, मेंढ्या कातरायला.
दिवसाला सव्वाशे.
त्याचं म्हणणं, कातर दाबायची नसते.
कातडी जिथं वळणार
तिथं कातर आधीच पोचलेली हवी.
आणि हिवाळ्यात, हाताला काम नसताना,
तो चुलीजवळ मांडीवर उशी घेऊन
तिच्यावरून रिकामी मूठ फिरवत बसायचा.
बायको हसायची.
हसू दे, तो म्हणायचा,
पहिल्या मेंढीला रक्त यायला नको.

मार्चमधली संध्याकाळ. पुएर्तो मोंत जवळ आलेलं,
आम्ही ढगाच्या पोटात, उतरत.
पडद्यावर एक पिवळा ठिपका.
ट्रॅफिक, ट्रॅफिक.
मी बाहेर पाहिलं.
बाहेर बाहेरच नव्हतं.
मग ठिपका लाल झाला
आणि तो आवाज,
ज्याला ना घसा ना घाई,
म्हणाला, क्लाइम्ब. क्लाइम्ब.

त्याच श्वासात कानात नियंत्रक:
"उतरत राहा, लवकर, नऊ हजारांवर या."
दोन हुकूम.
एक माणसाचा, ओळखीचा; त्याला मुलगी झाली तेव्हा
त्यानं आम्हाला रेडिओवरच सांगितलं होतं.
माझा अंगठा बटणाकडे गेला, विचारायला.
विचारायला!

खट्.
तिनं ऑटोपायलट सोडवला.
आमचं ते विमान जुनं,
यंत्राला फक्त सांगता यायचं.
करायचं कुणीतरी हातानं.

तिनं नाक ओढलं नाही. उचललं.
झोपलेल्या मुलाचं डोकं उचलून
खालून आपला दंड काढून घ्यावा, तेवढं.
काटा लाल पट्ट्यातून निघाला,
हिरव्यात शिरला,
आणि तिथंच राहिला.
पुढे गेला नाही. वर आणखी कुणीतरी असतंच.

"पुएर्तो मोंत, टीकॅस आरए."
एवढंच बोलली.
नियंत्रक म्हणाला, "कळलं,"
आणि त्या एका शब्दात
त्याचं कोरडं पडलेलं तोंड मला ऐकू आलं.

खाली, डावीकडे, ढगात
विडीच्या टोकाएवढा लाल उजेड
एकदा दिसला, एकदा नाही.
सामन मासे भरलेलं मालवाहू होतं, नंतर समजलं.

क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट, आवाज म्हणाला,
त्याच सुरात.
मागे चौदाव्या रांगेतल्या बाईंची कॉफी
काठापर्यंत आली होती म्हणे.
सांडली नाही.

इंजिनं बंद झाल्यावर
नेलिदानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले
आणि त्यांच्यावर बसून राहिली.
मी कागद भरत होतो. वेळ, उंची, वेग.
एका रकान्यात विचारलं होतं: हवामान.
तिनं मान न वळवता सांगितलं,
"लिही, ढगाळ."

आता मी डाव्या खुर्चीत.
परवा निघताना शेजारचा पोरगा, एरविन,
माझ्या तीन बोटांकडे बघत होता,
मी कधीकाळी बघायचो तसाच.
मी काही बोललो नाही.
रात्री हॉटेलात झोप येईना.
दिवा न लावता
उशी जवळ ओढली.